गोळी स्वस्त, सराव महाग

संपादक महोदय,

स. न. वि. वि.

ऑलिंपिकमध्ये पिस्तुलात पदक आले की पुढचे काही आठवडे शूटिंग रेंजवर नवे चेहरे दिसतात. त्यांचा पहिला प्रश्न पिस्तूल कोणते घ्यावे हा असतो आणि दुसरा, स्वस्तात स्वस्त काडतुसे कोणती. पहिल्या प्रश्नावर वर्तमानपत्रांत भरपूर छापून येते, दुसऱ्यावर जवळजवळ काहीच नाही. खरे तर पिस्तूल एकदाच घ्यायचे असते. काडतुसे मात्र दर आठवड्याला लागतात. आठवड्यातून दोनदा रेंजवर जाऊन प्रत्येक वेळी ५० शॉट मारले, तरी वर्षाचे ५,२०० होतात. खर्च आहे तो इथे. आणि हौशी माणसाचा पिस्तुलाचा नाद सुटतो तोही बहुधा इथेच.

बहुतेक जण डबीची किंमत भागिले नग असा हिशेब करतात. हा हिशेब दुकानात बरोबर असेल, रेंजवर चुकतो. ज्या शॉटमधून काही कळले तेवढाच शॉट मोजायचा. ट्रिगर झटकत मारलेले २०० शॉट कितीही स्वस्त काडतुसांचे असले, तरी त्यांनी ट्रिगर झटकण्याचाच सराव होतो, आणि ती खोड मोडायला पुढे आणखी काडतुसे जाळावी लागतात.

कॅलिबरपासून, म्हणजे नळीच्या व्यासापासून, सुरुवात करू. पॉइंट टू-टू लाँग रायफल या काडतुसाची नेहमीची गोळी ४० ग्रेनची, म्हणजे सुमारे २.६ ग्रॅमची. एक किलो शिशात अशा ३८० च्या वर गोळ्या बसतात. ९ मिलिमीटरची हलकी गोळी ११५ ग्रेनची, म्हणजे सुमारे ७.४५ ग्रॅमची, किलोभर धातूत त्या जेमतेम १३४ होतात, शिवाय वर तांब्याचे आवरण, मोठी पितळी पुंगळी आणि वेगळा प्रायमर, म्हणजे पिनच्या फटक्याने पेटून पावडर पेटवणारी टिकली. दोन्हींच्या किमतीत फरक का, हे यावरून समजते. १८८७ पासून चालत आलेले पॉइंट टू-टू आजही सरावाचे मुख्य काडतूस आहे, ते उगाच नाही. पंचवीस मीटरच्या ऑलिंपिक पिस्तूल स्पर्धाही त्याच काडतुसावर होतात. ज्याच्याकडे ९ मिलिमीटरचेच पिस्तूल आहे, त्यानेही आपल्या मॉडेलसाठी पॉइंट टू-टूचा कन्व्हर्जन किट मिळतो का ते पाहावे. स्लाइड, नळी आणि मॅगझिन बदलायचे. फ्रेम, पकड आणि ट्रिगर तेच राहतात. आपल्या देशात असा किट घ्यायला परवाना कसा लागतो हे मात्र आधी विचारून घ्यावे. काडतुसांच्या बाबतीतही तेच. परवान्यावर, परवानाधारक विक्रेत्याकडून, नोंद करूनच घ्यायची. बाकी कुठलीही 'स्वस्त' वाट आम्ही सांगत नाही.

पॉइंट टू-टूच्या तक्रारी मात्र ठरलेल्या आहेत. या काडतुसाला वेगळा प्रायमर नसतो. पुंगळीच्या बुडाची कड आतून पोकळ असते आणि ओले मिश्रण पुंगळी गरगर फिरवून त्या कडेत पसरवतात. ते सगळीकडे सारखे पसरले नाही, की जिथे मिश्रण नाही तिथे पिन आपटते आणि काडतूस मुके राहते. स्वस्त काडतुसांत मिसफायर जास्त होण्याचे हे एक कारण. पण प्रत्येक मिसफायरचे खापर काडतुसावर फोडू नये. मुके काडतूस बाहेर काढून कडेवरचा ठसा पाहावा. ठसा खोल आणि स्पष्ट असेल तर दोष काडतुसाचा. उथळ असेल तर पिस्तुलाचा: स्प्रिंग थकली आहे किंवा पिनच्या वाटेत घाण आहे. ठसा बरा आहे आणि तेच काडतूस दुसऱ्या फटक्याला उडाले, तर बहुधा ते चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाच्या काडतुसाच्या घरात, पूर्ण बसलेच नव्हते आणि पहिला फटका त्याला पुढे ढकलण्यात वाया गेला. चेंबर साफ केल्यावर हा 'खराब' लॉट, म्हणजे कारखान्यात एका वेळी बनलेला माल, अचानक सुधारतो.

मिसफायर झाला की नळी लक्ष्याच्या दिशेनेच धरून सावकाश तीस आकडे मोजायचे, मग काडतूस काढायचे. कधी कधी ते उशिरा उडते, म्हणून ही सक्ती. एकदा फिरवून पुन्हा मारून पाहिले तर ठीक, तिसऱ्यांदा नाही. मुकी काडतुसे रेंजवरच्या त्यासाठीच्या डब्यात टाकावीत. खिशात, पिशवीत किंवा कचऱ्यात नाही.

दुसरी गोष्ट वेगाची. डबीवर 'स्टँडर्ड व्हेलॉसिटी' लिहिलेल्या काडतुसाचा वेग सेकंदाला ३२० ते ३३० मीटरच्या आसपास असतो, म्हणजे आवाजाच्या वेगापेक्षा थोडा कमी. 'हाय व्हेलॉसिटी'चा ३७० च्या वर. हे आकडे बहुधा रायफलच्या लांब नळीतून मोजलेले असतात, पिस्तुलाच्या आखूड नळीतून वेग आणखी कमी मिळतो. म्हणजे जास्त वेगासाठी जादा पैसे मोजून कागदावर काही हाती लागत नाही. प्रश्न पिस्तूल चालण्याचा आहे. स्पर्धेची पिस्तुले स्टँडर्ड काडतुसासाठी बांधलेली असतात. त्यांत रोज हाय व्हेलॉसिटी घातले तर स्लाइड किंवा बोल्ट दरवेळी जोरात मागे आपटतो आणि सुटे भाग लवकर झिजतात. उलट हौशी वापराच्या काही सेल्फ-लोडिंग पिस्तुलांत स्टँडर्ड काडतुसाने स्लाइड पूर्ण मागे जातच नाही आणि रिकामी पुंगळी बाहेर पडायच्या दारात अडकते. माहितीपुस्तिकेत कोणते काडतूस सांगितले आहे ते वाचल्याशिवाय दहा डब्या घेणाऱ्याचे पैसे अक्षरशः दारातच अडकतात. रिव्हॉल्व्हरला हा प्रश्न नाही, कारण तिथे सिलिंडर फिरवणारे बोट आपले असते.

मोठ्या खोक्यात सुटी भरलेली ३०० ते ५०० काडतुसे सर्वांत स्वस्त पडतात. सुटी म्हणजे एकमेकांवर आपटलेली. शिशाचे नाक चेपते, गोळीवरचे मेण खरवडते आणि पुंगळीच्या तोंडाशी गोळी सैल होते. सरावाला ही चालतात, पण भरण्यापूर्वी ताटात पसरून पाहावीत. चेपलेली, बोटाने फिरवल्यास गोळी हलणारी आणि कड वाकलेली वेगळी काढावीत. मॅगझिन भरताना वरच्या काडतुसाची कड खालच्याच्या कडेपुढे राहील असे पाहावे. ती मागे राहिली तर वरचे काडतूस खालच्याला ओढत नेते आणि दोन्ही अडकतात. या एका सवयीने अर्धे जॅम कमी होतात. मेण आणि काजळीचा थर चेंबरमध्ये साचतोच, त्यामुळे काडतूस बोटाने सहज पूर्ण आत जाईनासे झाले की ब्रश फिरवण्याची वेळ झाली असे समजावे.

आता ९ मिलिमीटर. आधी नाव नीट वाचा, कारण '९ मिलिमीटर' हे एकच काडतूस नव्हे. १९०२ पासूनचे ९ बाय १९, म्हणजे लुगर किंवा पॅराबेलम, हे सर्वांत प्रचलित. ९ बाय १७ ला पॉइंट थ्री-एटी किंवा शॉर्ट म्हणतात. ९ बाय १८ मकारोव्ह वेगळे. त्याची गोळी ९.०१ नसून सुमारे ९.२७ मिलिमीटर जाडीची असते. एकाचे काडतूस दुसऱ्यात कधी बसते, कधी अर्धवट बसते, आणि अर्धवट बसणे हेच जास्त वाईट. पुंगळीच्या बुडावरची अक्षरे आणि नळीवर कोरलेली अक्षरे जुळवायची, विक्रेत्याच्या तोंडी शब्दावर जायचे नाही.

सरावासाठी ११५ किंवा १२४ ग्रेनची, पूर्ण धातूच्या आवरणाची साधी गोळी पुरते. ११५ ची बहुधा स्वस्त असते, कारण तिला धातू कमी लागतो. १४७ ग्रेनची मंद आणि जड गोळी काहींना हाताला मऊ लागते, पण नुसत्या सरावासाठी तिचे जादा पैसे देण्यात अर्थ नाही. पुंगळी पितळेची, पोलादी किंवा ॲल्युमिनियमची असू शकते. पोलाद पितळेइतके लवचीक नाही, त्यामुळे पुंगळी चेंबरच्या भिंतीला घट्ट चिकटत नाही, काजळी मागे येते आणि पुंगळी ओढून काढणाऱ्या एक्स्ट्रॅक्टरला जास्त काम पडते. बरीच पिस्तुले ती निमूटपणे चालवतात, काही चालवत नाहीत. एका डबीत कळते. रेंजचा नियम मात्र खरेदीपूर्वी विचारावा. बऱ्याच रेंज पोलादी पुंगळी घेऊ देत नाहीत, कारण ती पितळेच्या भंगारात मिसळते.

पुंगळीपेक्षाही गोळीकडे लक्ष द्यावे. काही स्वस्त गोळ्यांचे आवरण तांब्याचे दिसते, पण आत पोलादाचा पत्रा असतो आणि तांब्याचा वर नुसता मुलामा. फ्रिजला चिकटवायचे साधे चुंबक गोळीच्या नाकाशी न्यावे. चिकटले तर पोलाद आहे. अशा गोळीने लक्ष्यामागच्या लोखंडी बॅकस्टॉपवर ठिणगी पडते आणि पत्रा झिजतो, म्हणून बंदिस्त रेंजवर ती बहुधा चालत नाही. हजार नग घरी आणून मग चुंबक लावणारे लोक आहेत. त्यांचे काडतूस सर्वांत महाग पडते.

जुन्या लष्करी साठ्यातले काडतूस फारच स्वस्त दिसले, तर प्रायमर कोणत्या जातीचा आहे ते विचारा. जुन्या प्रायमरमध्ये पोटॅशियम क्लोरेट असे. ते जळल्यावर पोटॅशियम क्लोराइड उरते, मिठाचाच भाऊ. तो हवेतले पाणी ओढतो आणि दमट हवेत रात्रभरात नळीला गंज आणू शकतो. नेहमीच्या तेलकट सॉल्व्हंटने मीठ विरघळत नाही. त्याच संध्याकाळी नळीतून गरम पाणी सोडून, पूर्ण कोरडी करून, मग तेल लावावे लागते. हा खटाटोप ज्याला जमणार नाही त्याने त्या वाटेला जाऊ नये.

पॉइंट थ्री-फाइव्ह-सेव्हन मॅग्नमचे रिव्हॉल्व्हर असणाऱ्याला एक सोपी सवलत आहे. त्यात पॉइंट थर्टी-एट स्पेशल चालते, आणि ते स्वस्त व सौम्य असते. उलटे मात्र चालत नाही. थर्टी-एट आखूड असल्याने चेंबरमध्ये त्याच्या तोंडाशी काजळीचे कडे तयार होते. नंतर मॅग्नम घातले तर ते त्या कड्यावर अडते. म्हणून बदल करताना सहाही चेंबर घासून घ्यावेत. याच काडतुसात १४८ ग्रेनची सपाट नाकाची वॉडकटर गोळी येते. ती कागदात पंचने पाडल्यासारखे गोल भोक पाडते, त्यामुळे गुण मोजताना वाद राहत नाही.

आता मुख्य प्रश्न: महागडे मॅच काडतूस, म्हणजे स्पर्धेसाठी बनवलेले, कुणी घ्यावे? इथे थोडे गणित करावे लागते. कागदावरचा भोकांचा पसारा दोन गोष्टींतून येतो, हातातून आणि काडतुसातून. या दोन्ही चुका एकमेकींवर अवलंबून नसतात, म्हणून त्यांची सरळ बेरीज होत नाही. वर्गांची बेरीज करून वर्गमूळ काढावे म्हणजे अंदाज येतो. समजा २५ मीटरवर नेमबाजाच्या हाताचा पसारा १५० मिलिमीटर आहे. पिस्तूल टेकवून मारल्यावर ४० मिलिमीटरचा ग्रुप (भोकांचा पुंजका) देणारे साधे काडतूस त्याने वापरले, तर एकूण पसारा सुमारे १५५. टेकूवरून २० मिलिमीटर देणारे मॅच काडतूस वापरले, तर सुमारे १५१. म्हणजे बरेच जादा पैसे मोजून चार मिलिमीटर, जे त्याला कागदावर कधी दिसणारही नाहीत. आता ज्याचा हातच ४० मिलिमीटरचा आहे तो घ्या. साध्या काडतुसाने ५७, मॅच काडतुसाने ४५. पंचवीस मीटरच्या प्रिसिजन लक्ष्याचे दहाचे वर्तुळ ५० मिलिमीटरचे असते. त्याच्यासाठी हा फरक दहा आणि नऊमधला आहे. तेव्हा पहिले एक-दोन वर्ष मॅच काडतुसाचा मोह नको. आणि पसारा कमी होऊ लागला की कंजूषपणाही नको.

पण टेकूवरून किती, हे कळणार कसे? डबीवरच्या जाहिरातीवरून नक्कीच नाही. तीन प्रकारच्या काडतुसांची एकेक डबी घ्यावी. पिस्तूल वाळूच्या पिशवीवर टेकवून, दोन्ही हातांनी, २५ मीटरवरून मारावे. प्रत्येक नव्या प्रकाराचे पहिले दहा-पंधरा शॉट मोजायचे नाहीत, कारण आधीच्या काडतुसाचे मेण नळीत असते आणि ते पुसून नव्याचे बसेपर्यंत ग्रुप भटकतो. मग दहा-दहा शॉटचे तीन ग्रुप, तीन वेगळ्या कागदांवर. पाच शॉटच्या एका ग्रुपवर निकाल देऊ नये. पाचांचा ग्रुप योगायोगानेही झकास पडतो, आणि रेंजवर मोबाइलमधून दाखवतात ते बहुधा असेच ग्रुप असतात. सर्वांत लांबच्या दोन भोकांच्या मध्यांमधले अंतर मोजावे, मिसफायर आणि जॅम शेजारी लिहावेत, डबीच्या झाकणावर छापलेला लॉट क्रमांक टिपावा. जो लॉट पास झाला, त्याच लॉटची काडतुसे घ्यावीत. त्याच कंपनीच्या त्याच नावाचा पुढचा लॉट वेगळा निघू शकतो. नाव तेच म्हणून काडतूस तेच, असे नसते.

इथपर्यंत काडतूस निवडणे झाले. खरी बचत मात्र न उडवलेल्या काडतुसांत आहे. ट्रिगर आणि माशी (नळीच्या टोकावरची नेम धरायची खूण) सांभाळण्याचे काम ड्राय फायरने, म्हणजे रिकाम्या पिस्तुलाचा ट्रिगर दाबून, एकही काडतूस न जाळता होते. त्याचे नियम मोडायचे नाहीत: काडतुसे दुसऱ्या खोलीत कुलपात, मॅगझिन रिकामे, चेंबर डोळ्यांनी पाहून मग बोटाने चाचपून खात्री, आणि नळी अशा भिंतीकडे की चुकून गोळी सुटली तरी कुणाला लागणार नाही. सराव संपला की संपला. 'अजून एकच' म्हणत पुन्हा उचललेल्या पिस्तुलानेच अपघात होतात. कोऱ्या भिंतीवर, लक्ष्य न लावता, माशी खाचेत मधोमध ठेवून ट्रिगर सावकाश दाबावा आणि घोडा पडताना माशी हलते का एवढेच पाहावे. सपाट डोक्याची माशी असेल तर तिच्यावर नाणे ठेवून पाहा. नाणे पडले की उत्तर मिळते. दहा-पंधरा मिनिटे पुरतात. त्यापुढे हात थकतो आणि चुकाच पक्क्या होतात.

एक सावधगिरी. रिमफायर, म्हणजे पॉइंट टू-टूसारख्या कडेवर फटका बसणाऱ्या काडतुसाच्या, पिस्तुलात रिकामा घोडा पाडू नये. पिन काडतुसाच्या कडेऐवजी थेट चेंबरच्या काठावर आपटते, तिथे खड्डा पडतो आणि मग काडतूस आत-बाहेर होताना अडते. स्नॅप कॅप, म्हणजे सरावाचे नकली काडतूस, वापरावी. स्पर्धेच्या बहुतेक पिस्तुलांत ड्राय फायरची वेगळी सोय असते, ती वापरावी. सेंटरफायर, म्हणजे बुडाच्या मधोमध प्रायमर असलेल्या काडतुसाच्या, पिस्तुलाला सहसा काही होत नाही, तरी माहितीपुस्तिका पाहावी.

एअर पिस्तूल हा दुसरा स्वस्त मार्ग. त्याला दहा मीटर जागा लागते. ४.५ मिलिमीटरच्या पेलेटचे वजन अर्ध्या ग्रॅमच्या आसपास, म्हणजे किलोभर शिशात दोनेक हजार, आणि एका डबीत बहुधा ५०० येतात. स्पर्धेतल्या लक्ष्याचे दहाचे वर्तुळ अवघे ११.५ मिलिमीटर असते, त्यामुळे हाताची चूक लपत नाही. पेलेटचा वेग सेकंदाला दीडशे मीटरच्या घरात असल्याने ती नळीत जास्त वेळ राहते. शॉट सुटल्यावर हात लगेच सोडणाऱ्याला कागद लगेच दाखवून देतो. एक उणीव आहे. धक्का नसल्यामुळे धक्क्याची भीती इथे कळत नाही आणि जातही नाही. पेलेटची मागची घेरदार बाजू फार पातळ असते, डबी एकदा जमिनीवर पडली तरी बऱ्याच वाकतात. वेचलेली पेलेट पुन्हा मारू नये, आणि आटे असलेल्या नळीत पोलादी छर्रे तर मुळीच घालू नयेत.

धक्क्याच्या भीतीवर उपाय म्हणजे मिश्र मॅगझिन. जोडीदाराने आपल्याला न दाखवता तीन खरी काडतुसे आणि दोन स्नॅप कॅप कोणत्याही क्रमाने भरायची. स्नॅप कॅपवर घोडा पडला आणि नळीचे तोंड खाली गेले, तर उजव्या हाताच्या नेमबाजाचे शॉट खाली-डावीकडे का पडतात याचे कारण समोर असते. सेंटरफायर रिव्हॉल्व्हरमध्ये हे आणखी सोपे, दोन घरे रिकामी ठेवून सिलिंडर न पाहता फिरवावा. स्वस्त काडतुसातला मिसफायर हीच शिकवणी फुकटात देतो. तेवढ्यापुरते त्या कंपनीचे आभार मानायला हरकत नाही.

पन्नास काडतुसांत एक सत्र नीट बसते. आधी दहा मिनिटे ड्राय फायर. पाच शॉट साइट जुळवायला. मग वीस शॉट सावकाश, आणि प्रत्येक शॉटनंतर कागद पाहण्याआधी तो कुठे गेला असेल हे वहीतल्या लक्ष्यावर टिंब देऊन नोंदवायचे. सांगितलेले आणि पडलेले यांत फरक किती, हा आकडा गुणांपेक्षा जास्त सांगतो. मग दहा काडतुसे मिश्र मॅगझिनमध्ये. दहा वेळेच्या बंधनात: पिस्तूल खाली, सात सेकंद थांबायचे, वर उचलून तीन सेकंदांत एक शॉट; पंचवीस मीटरच्या स्पर्धेत रॅपिड टप्प्याचे हेच मोजमाप असते. उरलेली पाच शेवटी, सावकाश. ग्रुप फुटू लागला तर उरलेली काडतुसे डबीत परत ठेवून घरी जावे. 'आणलीच आहेत तर संपवू' हे वाक्य रेंजवर सर्वाधिक ऐकू येते आणि सर्वाधिक खर्चिक आहे.

स्वतः भरलेल्या काडतुसांबद्दल विचारणा होते. जिथे कायदा परवानगी देतो तिथे सेंटरफायरची पितळी पुंगळी पुन्हा भरता येते; पॉइंट टू-टूची व्यवहारात येत नाही. पण दुसऱ्याने घरी भरलेली काडतुसे, कितीही ओळखीचा माणूस असला तरी, विकत घेऊ नयेत. एका पुंगळीत पावडर दोनदा पडली तर दाब दुप्पट होऊन थांबत नाही. पडलीच नाही, तर नुसत्या प्रायमरच्या जोराने गोळी नळीत जाऊन अडकते. आवाज फुसका, धक्का नाही, कागदावर भोक नाही, अशी खूण दिसली की तिथेच थांबावे. पिस्तूल रिकामे करून नळीत सळई घालून पाहावी. मागून दुसरी गोळी सोडली तर नळी फुगते किंवा फुटते. कारखान्याच्या काडतुसातही हे क्वचित होते, म्हणून ही खूण प्रत्येकाला माहीत हवी.

साठवणीसाठी कोरडी, थंड, कुलूपबंद जागा आणि मूळ डबी. उन्हात उभ्या गाडीची डिकी नव्हे. काडतुसावर गंज-सोडवे तेल मारू नये, ते प्रायमरच्या फटीतून आत झिरपते. आधी घेतलेले आधी वापरावे. एकच काडतूस पुन्हा पुन्हा चेंबरमध्ये घालून काढू नये. दरवेळी चेंबरच्या तोंडाशी असलेल्या रॅम्पवर (उतारावर) आपटून गोळी पुंगळीत थोडी आत जाते आणि दाब वाढतो.

शिशाबद्दल थोडक्यात. नेहमीच्या प्रायमरमध्येही शिशाचे संयुग असते, धूर नाकात जातो. बंदिस्त रेंजची हवा नेमबाजाच्या पाठीमागून लक्ष्याकडे वाहते आहे ना, ते पाहावे. रेंजवर खाऊ नये, निघताना थंड पाण्याने आणि साबणाने हात-तोंड धुवावे, कपडे वेगळे धुवावेत. सुका झाडू मारू नये, धूळ उडते. गोळीचे बूडही झाकलेले असेल असे आवरण आणि शिसेविरहित प्रायमर घेतले तर धुरातले शिसे बरेच कमी होते. मुले रेंजवर येत असतील तर तो जादा खर्च करावा.

शेवटी तुटवड्याबद्दल. २०२० आणि २०२१ मध्ये अमेरिकेत मागणी एकाएकी वाढली तेव्हा प्रायमरचा मोठा तुटवडा पडला. ते बनवणारे कारखाने मोजके आणि नवा कारखाना उभा करायला वर्षे लागतात. पुंगळी, गोळी तयार असून काडतूस होत नव्हते. अशा वेळी साठेबाजीने भाव आणखी चढतो. वर्षाच्या गरजेइतका साठा, कायद्याने जितका ठेवू देतो तितकाच, हे पुरे.

क्लबांनी याबाबत एक गोष्ट करण्यासारखी आहे. पॉइंट टू-टूच्या पूर्ण पेटीत ५,००० काडतुसे असतात आणि ती एकाच लॉटची असण्याची शक्यता जास्त. एकट्याला ती परवडत नाही, परवान्यावर बसतही नसेल. पण क्लबाने आपल्या परवान्यावर पेटी आणून रेंजवरच सभासदांना दिली, तर भाव उतरतो आणि चाचणीही एकदाच करावी लागते. चाचणीचे कागद सूचना फलकावर लावावेत: काडतुसाचे नाव, लॉट क्रमांक, दहा-दहा शॉटचे तीन ग्रुप मिलिमीटरमध्ये, शंभरात मिसफायर किती, कोणत्या पिस्तुलातून मारले. आज बहुतेक रेंजच्या फलकावर स्पर्धेचे निकाल असतात आणि वर्गणी थकवणाऱ्यांची यादी.

आपले,
काही पिस्तूल नेमबाज आणि प्रशिक्षक